दोराचं धुणं

आमच्या वाड्याच्या मागच्या पडवीत कपडे वाळत घालायच्या तीन दांड्या आहेत. बांबूच्या, छताला टांगलेल्या, काठीनं लुगडं वर सरकवायच्या काळातल्या. वीसेक वर्षांपूर्वी एका श्रावणात त्या दांड्यांवर मी साठ मीटरचा निळा दोर वेढे घालून टाकला होता. समोरच्या काकू साखर मागायला आल्या आणि वाटी हातात धरून वर बघतच राहिल्या. "अगं बाई, एवढी लांब नाडी? परकर कुणाचा, हिडिंबेचा?"

तेव्हापासून आमच्या गिर्यारोहण संस्थेत दोराला नाडी म्हणतात. पोरं फोन करतात, "ताई, शनिवारी दोन नाड्या लागतील." कड्यावर सगळे रोपच म्हणतात, पण छापील मराठीत रोप म्हटलं की तुळशीचं आठवतं, म्हणून इथं दोर म्हणते.

मी चढाई केली ती तिशीपर्यंत. मग एका गुडघ्यानं साफ नकार दिला आणि माझ्याकडे साहित्याची कोठी आली. पोटापाण्याची नोकरी एका महाविद्यालयात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून. दिवसभर परीक्षानळ्या धुवायच्या आणि रविवारी संध्याकाळी दोर. दोन्ही कामांत एक साम्य आहे: नुसतं स्वच्छ दिसून भागत नाही.

लोकांना वाटतं दोर म्हणजे दोर, विहिरीच्या पोहऱ्याला बांधतात तसा, जरा रंगीत. एकदा जुना, बाद केलेला दोर कात्रीनं कापून आत बघावं. बाहेर रंगीबेरंगी विणलेलं आवरण असतं, सदऱ्याच्या बाहीसारखं. त्याच्या आत पांढऱ्याशुभ्र, पीळ दिलेल्या नायलॉनच्या दोऱ्यांचा जुडगा. आवरण आतल्याला जपतं आणि भार मुख्यतः आतला गाभा घेतो. या रचनेला जर्मन शब्दांवरून कर्नमँटल म्हणतात, कर्न म्हणजे गाभा आणि मँटल म्हणजे झगा. जर्मनीतल्या इस्नी या गावच्या एडेलरिड कंपनीनं १९५३ साली तसा दोर पहिल्यांदा बनवला. नायलॉन येण्याआधी गिर्यारोहक अंबाडीसारख्या वनस्पती-तंतूंचे, म्हणजे हेंप किंवा मनिलाचे पीळदार दोर वापरत. १८६५ साली मॅटरहॉर्न शिखर पहिल्यांदा सर करून उतरताना एडवर्ड व्हिंपरच्या तुकडीचा असाच दोर तुटला आणि चौघं गेले. तो तुटका दोर आजही झेरमाटच्या संग्रहालयात ठेवलेला आहे.

आताचा चढाईचा दोर मुद्दाम ताणणारा असतो. माणूस पडला की दोर ताणतो आणि झटका पोटात घेतो, नाहीतर तो झटका माणसाच्या कमरेला बसला असता. ज्याला आम्ही सिंगल दोर म्हणतो त्याची परीक्षा अशी: ८० किलोचं वजन आखूड दोराला बांधून जवळजवळ पाच मीटर खाली सोडायचं, आणि एकामागून एक असे किमान पाच झटके त्यानं तुटल्याशिवाय सोसायचे. पहिल्या झटक्याचा जोर १२ किलोन्यूटनच्या, म्हणजे ढोबळमानानं बाराशे किलोच्या भाराच्या वर जाता कामा नये. उतरण्यासाठी, बचावासाठी वापरतात तो स्टॅटिक दोर वेगळा, तो फारसा ताणत नाही. पावसाळ्यात धबधब्यात रॅपलिंग करतात ते त्याच्यावर.

हे सगळं नायलॉनच्या जिवावर चालतं. आणि नायलॉनशी कसं वागायचं याबद्दल माझ्या घराण्याचं सगळं शहाणपण उलटं निघालं.

माझे आजोबा जुन्नरकडचे. बैलांचे कासरे सुताचे असत. गाठ पक्की बसवायची असेल तर ते कासरा आधी पाण्यात बुडवून घेत. "ओला दोर दगा देत नाही," हे त्यांचं वाक्य, आणि सुताच्या बाबतीत ते रास्तच होतं, कारण कापसाचा तंतू भिजला की अधिक मजबूत होतो. पण काम झाल्यावर तोच कासरा उन्हात कडकडीत वाळवायचा. ओला राहिला तर कुजतो. नायलॉन याच्या बरोबर उलट. तो कुजत नाही, पण भिजला की दुबळा होतो. नायलॉनच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना हलकेच धरून असतात. पाण्याचे रेणू मध्ये घुसून ती पकड सैल करतात. इटलीच्या अल्पाइन क्लबनं ओल्या दोरांच्या चाचण्या केल्या, तेव्हा कोरड्या दोरानं जितके झटके सोसले त्याच्या निम्मेही ओल्या दोरानं सोसले नाहीत. नीट वाळवल्यावर ताकद बरीचशी परत आली. म्हणजे वाळवणं हे नुसतं आवरून ठेवण्याचं काम नव्हे, तो दोराचा औषधोपचार आहे.

पाणी कमी पिणारे दोर मिळतात. त्यांच्यावर प्रक्रिया केलेली असते. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या, म्हणजे यूआयएएच्या कसोटीला उतरलेला असा दोर भिजल्यावर स्वतःच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून कमी पाणी घेतो. साधा दोर चाळीस टक्क्यांच्या आसपास घेतो. पण पाच टक्केवाला महाग, आणि आमच्या संस्थेची तिजोरी म्हणजे एक पत्र्याचा डबा. शिवाय ती प्रक्रिया वापरानं आणि धुण्यानं झिजते.

आता मळ. सह्याद्रीचा दगड काळा बेसाल्ट. त्याची माती, मुरूम, घसाऱ्याची भुकटी दोराला लागते, आणि दोर हातातून सोडताना तळवा काळा होतो. तो काळेपणा सगळा मातीचा नसतो. कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या कड्या, आणि उतरायची साधनं ॲल्युमिनियमची, ती झिजून त्यांची पूडही त्यात असते. हा मळ दिसायला वाईट, पण त्याचा मला फारसा धाक नाही. धाक आहे बदामीच्या वाळूचा. कर्नाटकात बदामीला लाल वालुकाश्माच्या सुंदर भिंती आहेत, थंडीत आमची मंडळी तिकडे जातात. परत येतात तेव्हा दोर गेरूत बुडवल्यासारखा असतो. वालुकाश्म म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झचे कण, आणि क्वार्ट्झ काचेवर ओरखडा काढतं. असा कण आवरणाच्या विणीतून आत शिरला की दोर वाकेल तेव्हा तेव्हा तो आतल्या तंतूंवर करवतीसारखा चालतो. म्हणून पहिला नियम धुण्याचा नाहीच, तो चटईचा आहे. दोर कधीही मातीवर टाकायचा नाही, खाली ताडपत्री हवी. दुसरा नियम: दोरावर पाय द्यायचा नाही. आमच्याकडे जो पाय देतो तो सगळ्यांना चहा पाजतो. या कलमाखाली मी आजवर पुष्कळ चहा प्यायले आहे.

ऊठसूट धुऊ नये, असंही माझं मत आहे. कोरडी धूळ असेल तर दोर झटकून, मऊ ब्रशमधून ओढून घेतला की पुरतं. हात काळे होऊ लागले, दोर ताठ वाटू लागला, वाळू जाणवली, चिखलात लोळला, किंवा समुद्राचं खारं पाणी लागलं, की मग धुणं. खाऱ्या पाण्याचं मात्र उद्यावर टाकायचं नाही, मीठ सुकून त्याचे खडे होतात.

धुण्याची वेळ सकाळची. याला कारण आहे. उत्पादक सांगतात पाणी ३० अंशांपर्यंत, आणि आपण म्हणतो, नळाचं पाणी म्हणजे थंडच की. एका एप्रिलमध्ये दुपारी सहज म्हणून प्रयोगशाळेतला तापमापक गच्चीवरच्या टाकीच्या नळाखाली धरला, तर पारा ४२ वर! तेव्हापासून उन्हाळ्यात सहाच्या आत टब भरून ठेवते. टब प्लॅस्टिकचा आणि फक्त दोराचा. त्यात दुसरं काही भिजत घालायला घरात मनाई आहे, त्याचं कारण पुढं येईल.

टबात आधी नुसतं पाणी. दोराचं एक टोक धरून, हातभर हातभर करत तो पाण्यात सोडायचा. गुंडाळी तशीच बुडवली तर मधला भाग कोरडा राहतो. तासाभरात पाण्याला चहाचा रंग येतो. ते ओतून टाकायचं, दुसरं पाणी घ्यायचं. साबण लागलाच तर लोकरीच्या कपड्यांसाठी मिळतं तसं सौम्य, उदासीन द्रव, टबाला झाकणभर, आणि तेही ब्लीच नसलेलं. बाटलीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते भिंग लावून वाचायचं. दोर बनवणाऱ्या काही कंपन्या दोरासाठी वेगळं द्रवही विकतात. धुण्याची पावडर नको, तिच्यात डाग काढणारी काय काय द्रव्यं असतात. वडी नको, नीळ नको. आणि माझ्या सासूबाईंचा आवडता रिठाही नको. रिठ्यात त्यांची पैठणी पन्नास वर्षं टिकली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण पैठणीला कुणी लटकत नाही, आणि रिठ्याबद्दल कुठल्याच उत्पादकानं काही लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. जिथं जीव टांगलेला आहे तिथं माझे प्रयोग बंद.

मग घासणं. दोन मऊ नखब्रश समोरासमोर धरायचे आणि त्यांच्यामधून दोर ओढत न्यायचा. आपटायचा नाही, धोपटायचा नाही, पिळायचा तर मुळीच नाही. साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळायचं. माझ्या टबाला चार पाण्यं लागतात. बोअरचं जड पाणी मी शेवटच्या खळबळीला वापरत नाही.

यंत्रात धुतला तर चालतो का, हा प्रश्न दरवर्षी नवी मुलं विचारतात. चालतो, पण दार समोर असलेल्या यंत्रात. वरून उघडणाऱ्या यंत्राच्या मधोमध जो घुसळणारा खांब असतो त्याला दोर असा काही गुरफटतो की सोडवायला निम्मी कार्यकारिणी बोलवावी लागते. दोर मोकळा टाकायचा नाही. ज्यांनी कधी क्रोशाची सुई हातात धरली आहे त्यांना हे लगेच जमेल: सुरुवातीला एक सैल फासा, त्यातून दोराचा दुसरा फासा ओढायचा, त्यातून तिसरा. तीच क्रोशाची साखळी, फक्त सुईऐवजी मनगट. साठ मीटरचा दोर अशा साखळीनं बराच आखडतो आणि शेवटचं टोक ओढलं की सरसर सुटतो. मुलग्यांना ही साखळी शिकवताना मला दर वेळी आनंद होतो, कारण त्यांच्या आज्यांना ती लहानपणीच येत होती. साखळी जाळीच्या पिशवीत किंवा उशीच्या जुन्या अभ्र्यात घालायची, लोकरीचा कार्यक्रम लावायचा, पाणी ३० अंश, पिळण्याचं चक्र बंद. त्याआधी यंत्र एकदा रिकामं चालवून घ्यायचं, साबणाचा कप्पा धुवायचा. काल त्यात कुणाचे पांढरे शर्ट ब्लीचमध्ये धुतले असतील ते सांगता येत नाही.

आता त्या टबाचं कारण.

नायलॉन म्हणजे पॉलिअमाइड. अमाइड नावाच्या जोडण्यांनी एकेक कडी गुंफून झालेली साखळी. ॲसिड आणि पाणी मिळून नेमकी तीच जोडणी उसवतात. प्रयोगशाळेत मी मुलांना हे दाखवत असे. जुन्या दोराच्या गाभ्यातला वीतभर धागा घ्यायचा, वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये सोडायचा. आधी काहीच होत नाही. मुलं कंटाळून मोबाइल काढतात. मग धागा फुगतो, कडा विरघळू लागतात, आणि थोड्या वेळानं परीक्षानळीत शोधायला धागाच उरत नाही, नुसता चिकट पातळ द्रव. मोबाइल खाली येतात.

हेच हायड्रोक्लोरिक ॲसिड, पातळ करून, संडास आणि फरशी साफ करण्याच्या बाटल्यांतून आपल्या घरोघरी आहे. आणि शहरातला माणूस दोर धुतो कुठं? न्हाणीघरात, त्याच फरशीवर, त्याच बादलीत. ब्लीचमधलं हायपोक्लोराइटही नायलॉनचं वैरी, त्याची मारायची तऱ्हा वेगळी इतकंच. म्हणून टब वेगळा, ब्रश वेगळा.

पण मला हे शहाणपण प्रयोगशाळेत सुचलं नाही. ते माझ्याच घरात, माझ्याच हलगर्जीपणानं आलं.

भारनियमनाचे दिवस होते, २००६-०७ च्या सुमाराचे. घरोघर इन्व्हर्टर आले, आमच्याकडे तो जिन्याखाली बसला. जिन्याखालीच संस्थेचं साहित्य. जागा कमी म्हणून एका दोराची कापडी पिशवी मी बॅटरीच्या अंगाला टेकवून ठेवली आणि विसरले. बॅटरीत पाणी भरताना ते थोडं जास्त झालं, तेही मीच भरलेलं. चार्ज होताना बॅटरी बुडबुडे सोडते, त्याबरोबर सल्फ्युरिक ॲसिडचे बारीक तुषार उडतात. काठोकाठ भरलेली असेल तर ओघळही येतो. दीड-दोन महिन्यांनी मुलं तैलबैल्याला चढाईसाठी निघाली. पिशवी मळकी दिसली म्हणून दोर काढून ठेवला आणि पिशवी धुवायला टाकली. वाळत घालताना बघते तर एका बाजूला चाळणी झालेली! कसरीनं खाल्ल्यासारखी भोकं.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्रत्येकीच्या एप्रनला अशी भोकं असतात. सल्फ्युरिक ॲसिडचा थेंब सुती कापडावर पडला तर तेव्हा कळत नाही, पुढच्या धुण्यात कापड तिथून गळून पडतं. माझ्या पोटात गोळा आला. धावत जाऊन दोर पसरला. काही नाही. रंग होता तसा, वीण होती तशी. फक्त एके ठिकाणी तळहाताएवढा भाग किंचित फिकट, तोही आधी माहीत असेल तरच दिसावा असा. पाण्याचा हात लावून तिथं निळा लिटमस टेकवला. लाल.

मुलांना म्हटलं, हा दोर येणार नाही. एकजण म्हणाला, "ताई, नीट धुऊन टाकू की." हा प्रश्न चांगला होता, म्हणून तिथंच कात्री मागवली आणि फिकट जागी आवरण कापलं. आतले पांढरे धागे दोन बोटांत धरून ओढले, तर ते तुटण्याचा आवाजही झाला नाही. शिळ्या शेवयांसारखे सुटून हातात आले. त्याच दोराचा हातभर पुढचा धागा मी दोन्ही हातांनी ओढला तरी तुटेना, बोटाला काच पडला. ॲसिड धुऊन जातं, पण उसवलेली साखळी परत गुंफली जात नाही.

सूर्याजी मालुसऱ्यांनी १६७० साली सिंहगडावर दोर कापले ही गोष्ट आपल्याकडे कुणाला सांगावी लागत नाही. पण ते कापलेले दोर निदान दिसत होते. जर्मन अल्पाइन क्लबचं सुरक्षा संशोधनाचं काम अनेक वर्षं सांभाळणाऱ्या पिट शूबर्ट यांनी दोर तुटण्याच्या अपघातांचा मागोवा घेतला, तेव्हा आधुनिक दोर तुटण्यामागे मुख्यतः दोनच कारणं पुढं आली: दगडाची धारदार कड, नाहीतर ॲसिड. धारेपासून सावध राहायला प्रस्तरारोहणाच्या पहिल्याच धड्यात शिकवतात. जिन्याखालच्या बॅटरीबद्दल मला कुणी शिकवलं नव्हतं. गाडीच्या डिकीबद्दलही नाही. तिथं कधीकाळी बॅटरी ठेवलेली असेल तर ती सांडलेली नव्हती हे कशावरून?

म्हणून धुताना माझं खरं लक्ष मळाकडे नसतं. दोर बोटांमधून जात असतो तेव्हा बोटं वाचत असतात. डोळे मिटून बघा, जास्त कळतं. कुठं दोर चपटा लागतो, कुठं पोकळ, कुठं आत गाठ असल्यासारखा. जिथं शंका येते तिथं दोन हातांनी चिमटून फासा करायचा. चांगला दोर गोलसर कमान धरतो. गाभा तुटला असेल तर फासा कागदासारखा मोडून पडतो. आवरण केसाळ होणं म्हाताऱ्या दोराला शोभतं, पण आतलं पांढरं दिसलं की संपलं. एखादा भाग चकचकीत, काचेसारखा कडक लागला तर कुणीतरी हौसेनं सुसाट उतरलंय. घर्षणानं तापलेल्या साधनानं आवरण वितळतं; दोराचं नायलॉन साधारण २२० अंशांना वितळू लागतं. मी तशी जागा दिसली की नोंदवहीत त्या तारखेला कोण उतरलं होतं ते बघते, आणि त्याला फोन करते.

आता वाळवणं. आपल्या हाडात एक गोष्ट मुरलेली आहे: वाळवायचं ते उन्हात. पापड, मिरच्या, गाद्या, बाळाची दुपटी. ऊन लागलं म्हणजे शुद्ध झालं. दोराला हे लागू नाही. उन्हातले अतिनील किरण नायलॉन हळूहळू ठिसूळ करतात, रंग उडतो तो त्याची वर्दी देतो. एका दुपारनं आकाश कोसळत नाही, कड्यावर तर दोर उन्हातच असतो. पण तो कामाचा भाग झाला. घरी आल्यावर त्याला सावली द्यावी. शेगडी, हीटर, केस वाळवायचं यंत्र, कपडे सुकवायचा ड्रायर, यांतलं काही जवळ आणायचं नाही. सावली, वारा आणि वेळ, एवढ्यावर दोर वाळतो.

पावसाळ्यात यातलं तिसरंच तेवढं हाताशी असतं. पुण्याच्या जुलैत रुमाल वाळत नाही तिथं दोर काय वाळणार? मी दांड्यांवर मोठाले सैल वेढे घालते, वेढ्याला वेढा न लागेल असे, आणि समोर टेबलपंखा लावते. दांडी बांबूची बरी, लोखंडी सळईचा गंज दोराला लागतो. रोज सकाळी वेढे दोन हात पुढं सरकवायचे, म्हणजे दांडीवर टेकलेला भागही सुकतो. इथंच सगळे फसतात. आवरण दुसऱ्याच दिवशी कोरडं लागतं आणि मंडळी दोर पिशवीत भरून मोकळी होतात. गाभा ओला असतो. आठवड्यानं पिशवी उघडली की कुबट वास. बुरशी नायलॉन खात नाही, ती त्यातल्या मळावर पोसते, पण तो वास मग त्या दोराचं आडनाव होऊन बसतो.

गाभा वाळला हे ओळखायचं कसं? वजन करून. प्रत्येक दोर नवा आला की मी तो ताणकाट्याला लावते आणि नोंदवहीत लिहून ठेवते. सध्याचा आमचा निळा दोर मीटरला ६४ ग्रॅमचा, साठ मीटरचे ३ किलो ८४० ग्रॅम. धुऊन, निथळून काट्याला लावला की सव्वापाच किलोच्या पुढं जातो. मग रोज सकाळी एक आकडा. आकडा खाली यायचा थांबला की दोर वाळला. यात एक गंमत आहे, ती कळायला मला दोन पावसाळे लागले. पावसाळ्यात आकडा ३ किलो ८४० पर्यंत कधीच येत नाही. नायलॉन हवेतलाही ओलावा पितो, त्यामुळे एप्रिलमध्ये तोललेला दोर जुलैत शंभर-दीडशे ग्रॅमनं जड भरतो, कितीही पंखा लावा. पहिल्या वर्षी मी त्या दीडशे ग्रॅमसाठी आठ दिवस पंखा चालवला होता. वीजबिल नवऱ्यानं देवघराजवळच्या भिंतीला चिकटवून ठेवलं.

भिजण्या-वाळण्यातून आणखी एक होतं: दोर आटतो. नव्या मांजरपाटासारखाच. साठ मीटरचा दोर दोन-तीन धुण्यांत सत्तावन्नवर आलेला मी मोजला आहे. तीन मीटर म्हणजे एक मजला. तीस मीटरच्या कड्यावरून कुणाला खाली सोडताना दोर वरच्या कडीतून दुहेरी जातो; तो पुरेल या हिशेबात खालचा साथीदार दोर सोडत राहतो, आणि शेवटचं टोक त्याच्या हातातून सुटून जातं. म्हणून मोकळ्या टोकाला गाठ हवीच, आणि धुतल्यावर दोर परत मोजायला हवा. दोराच्या मध्यावर केलेली खूणही पुन्हा तपासायची. ती साध्या मार्करनं करायची नाही, शाईतली रसायनं कुठली कुणास ठाऊक. उत्पादकानं मान्य केलेली शाईच. स्टॅटिक दोर तर मी नवा आला की आधी भिजवून, वाळवून, आटवूनच नोंदवहीत चढवते.

इतकं करूनही दोर म्हातारा होतोच. उत्पादकांचं ढोबळ गणित असं: कपाटात नुसता पडून असला तरी दहा वर्षांनी बाद, महिन्यातून एकदा वापर असेल तर पाचेक वर्षं, दर आठवड्याला कड्यावर जात असेल तर वर्षभर. जबर झटका बसला, ॲसिडचा संशय आला, तर त्याच दिवशी. बाद दोर अख्खा ठेवायचा नाही, कारण कपाटातला अख्खा दोर बघून कुणाला तरी मोह होतोच. त्या ॲसिडवाल्या दोराचे मी हातभर तुकडे केले. बाकीच्यांचे लांब तुकडे वाड्यात कामाला लागले आहेत. पाण्याच्या टाकीचं झाकण, तळमजल्यावरच्या भाडेकरूंचा कुत्रा, सार्वजनिक गणपतीच्या मांडवाचा एक कोपरा, सगळे आमच्या नाड्यांनी बांधलेले.

हे लिहिताना बाहेर झड लागली आहे. मुलं परवा डोंगरातून आली, दोर चिखलानं माखून. चार पाण्यं झाली, मागच्या पडवीत दोन दांड्या भरल्या आहेत. आज सकाळी काट्यानं ४ किलो १२० दाखवलं. अजून एक रात्र, कदाचित दोन. काकू आता पंच्याऐंशीच्या आहेत, मघाशी खिडकीतून विचारत होत्या, तिसरी दांडी रिकामी आहे का, त्यांचं लुगडं वाळत नाहीये.